युद्धाबद्दल शंका आहे, भावाबद्दल नाही

एका बहिणीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: धाकटा भाऊ पायदळात आहे आणि काही महिन्यांपासून लढाईच्या भागात तैनात आहे. सुरुवातीला हे युद्ध अटळ वाटलं होतं. आता त्याची सांगितली जाणारी कारणं बदलत चालली आहेत आणि दोन्हीकडच्या साध्या माणसांच्या मरणाच्या बातम्या वाचवत नाहीत. वडिलांच्या लेखी शंका म्हणजे भावाशी दगा. मैत्रिणी उलट म्हणतात की युद्ध पटत नसताना 'मी सैनिकांच्या बाजूने' म्हणणं हे ढोंग आहे. भावाचा फोन आला की तोंडातून 'काळजी घे'च्या पुढे काही निघत नाही. पुढच्या महिन्यात तो रजेवर येतोय. त्याच्याशी बोलायचं काय? आणि त्याचा आठ वर्षांचा मुलगा 'बाबा तिकडे काय करतात?' असं विचारतो, त्याला सांगायचं काय?

लढाईतून परतलेले सैनिक आणि त्यांच्या घरची माणसं यांचं समुपदेशन हे माझं बरीच वर्षं काम आहे. त्या आधारावर आधी एक गोष्ट सांगतो. तुम्ही तुमच्या शंकेकडे अडचण म्हणून बघताय. मला वाटतं, तुमच्या घरात भावाच्या सगळ्यात जास्त उपयोगी पडेल ती तीच.

लढून आलेल्या माणसाच्या मनात एकाच वेळी अभिमान, शरम, राग, सोबत्यांबद्दलची ओढ आणि कधीकधी 'हे सगळं कशासाठी?' असा प्रश्न असतो. यातलं काय कधी वर येईल याचा नेम नसतो. समोरचा माणूस जर युद्ध योग्यच आहे यावर ठाम असेल, तर शरमेबद्दल त्याच्याकडे बोलता येत नाही. तो युद्धाच्या विरोधात ठाम असेल, तर अभिमानाबद्दल बोलता येत नाही. ज्याचं स्वतःचंच मत अजून पक्कं झालेलं नाही, त्याच्यासमोर मात्र दोन्ही बोलता येतं. माझ्यासमोर बसलेल्या बऱ्याच सैनिकांच्या बोलण्यातून हे जाणवलं आहे की घरी प्रेमाची कमतरता नव्हती, मोकळ्या कानांची होती.

आता मैत्रिणींचा आक्षेप. तो अगदीच पोकळ नाही, म्हणून नीट बघू. युद्ध करायचं की नाही हा एक प्रश्न, आणि सुरू झालेल्या युद्धात एखादा माणूस कसा वागला हा दुसरा. कायद्याने हे दोन प्रश्न मुद्दाम वेगळे ठेवले आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूरेंबर्गमध्ये आक्रमक युद्ध पुकारण्याच्या गुन्ह्याचे खटले चालले ते धोरण ठरवणाऱ्यांवर. १९४८ साली जर्मन सेनापतींच्या खटल्यात तर न्यायाधिकरणाने मोठमोठ्या हुद्द्यांच्या अधिकाऱ्यांनाही त्या विशिष्ट आरोपातून मोकळं केलं, कारण युद्धाचं धोरण घडवण्याची किंवा फिरवण्याची सत्ता त्यांच्या हातात नव्हती. युद्धकैद्यांशी आणि नागरिकांशी कसं वागले, यासाठी मात्र त्यांच्यातल्या बहुतेकांना शिक्षा झाल्या. म्हणजे पायदळातला तुमचा भाऊ युद्धाच्या कारणांचा जाब द्यायला बांधील नाही. त्याच्या स्वतःच्या हातून काय घडतं याला तो बांधील आहे. वरून हुकूम होता एवढं सांगून सुटका होत नाही, हेही त्याच न्यूरेंबर्गच्या तत्त्वांत आहे. तुमचा पाठिंबा नेमका इथेच बसतो: तो सुखरूप राहावा, माणूस म्हणून शाबूत राहावा आणि त्याच्या हातून नको ते घडू नये. यात ढोंग कुठे आलं?

वडिलांच्या म्हणण्यालाही उत्तर आहे. वाद घालण्यासाठी ते वापरू नका, पण तुमच्या स्वतःच्या मनाला आधार म्हणून माहीत असू द्या. युद्धाचा जयजयकार आणि सैनिकाची काळजी या दोन गोष्टी एकत्र नांदतातच असं नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये साध्या कपड्यांत दिसणाऱ्या तरुणांना भ्याडपणाची खूण म्हणून पांढरं पीस देण्याची टूम निघाली होती. त्यात रजेवर आलेल्या आणि जखमी होऊन सेवेतून बाहेर पडलेल्या सैनिकांनाही पिसं मिळाली! शेवटी १९१६ मध्ये सरकारला सेवामुक्त सैनिकांसाठी चांदीचा बिल्ला काढावा लागला. तो छातीवर लावला की लोक निदान पीस देत नसत. त्याच युद्धातल्या अमेरिकन सैनिकांना १९२४ च्या कायद्याने बोनस कबूल झाला, पण तो मिळायचा होता १९४५ मध्ये. मधे मंदी आली. १९३२ मध्ये सैनिक आणि त्यांची कुटुंबं मिळून चाळीस हजारांहून अधिक माणसं वॉशिंग्टनमध्ये पाल ठोकून बसली, तेव्हा त्यांच्याच देशाच्या लष्कराने त्यांना तिथून हुसकावलं. ज्या युद्धासाठी बँड वाजले होते, त्याच युद्धाचे हे सैनिक.

उलट बाजूचं उदाहरण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. लढाईच्या मानसिक जखमेला आज पीटीएसडी हे निदान आहे आणि त्यावर उपचार आहेत. ते निदान अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या यादीत १९८० साली आलं. त्यामागे अनेकांचे कष्ट होते, पण एक धागा १९७० च्या न्यूयॉर्कमध्ये सुरू होतो. व्हिएतनामहून परतलेले आणि त्या युद्धाला उघड विरोध करणारे काही सैनिक तिथे आपापसांत बोलायला जमू लागले. रॉबर्ट लिफ्टन आणि हाइम शटन हे दोन मानसोपचारतज्ज्ञ त्यांच्यात जाऊन बसत. उपदेश करायला नव्हे, ऐकायला. त्या गप्पांतून जे बाहेर आलं ते पुढे त्यांनी वैद्यकीय जगाच्या गळी उतरवलं. युद्धाला पाठिंबा असलेल्या सैनिकालाही आज त्या निदानाचा फायदा मिळतो. पुढे युद्ध पटणारा कोणी भेटला आणि शंका घेणाऱ्यांनी सैनिकांचं काय भलं केलं असं विचारू लागला, तर हे आठवा.

आयांची उदाहरणं तर ठळकच आहेत. रशियात सैनिकांच्या मातांची समिती १९८९ मध्ये उभी राहिली. चेचन्यातल्या पहिल्या युद्धात यातल्या काही बायका स्वतः युद्धभूमीवर जाऊन मुलांना शोधत फिरल्या. इस्राएलमध्ये फेब्रुवारी १९९७ मध्ये दोन लष्करी हेलिकॉप्टर एकमेकांवर आदळून ७३ सैनिक गेले. त्यानंतर चार आयांनी दक्षिण लेबनॉनमधून सैन्य माघारी आणा अशी चळवळ सुरू केली, आणि मे २००० मध्ये सैन्य परतलं. त्या आयांची मुलं तिथे तैनात होती. त्यांचं आपल्या मुलांवर प्रेम नव्हतं, असं त्यांचे विरोधकही म्हणू धजले नसते.

समाजाने युद्धाबद्दलचा राग सैनिकावर काढला की काय होतं, हे आपल्या जवळच्या इतिहासातही आहे. १९८७ ते १९९० या काळात भारतीय शांतिसेना श्रीलंकेत होती. अकराशेहून अधिक जवान तिथे मारले गेले. शेवटची तुकडी मार्च १९९० मध्ये मद्रासला परतली तेव्हा त्या मोहिमेबद्दलच्या नाराजीपोटी राज्याचे मुख्यमंत्री स्वागताला गेले नाहीत. मोहिमेबद्दल त्यांचं मत काहीही असो, बोटीतून उतरणाऱ्या जवानाने ती ठरवलेली नव्हती. याच्या उलट वॉशिंग्टनचं व्हिएतनाम स्मारक बघा. व्हिएतनाममध्ये लढून जखमी झालेल्या एका माजी सैनिकाने त्यासाठी धडपड सुरू केली आणि लोकवर्गणीतून ते १९८२ मध्ये उभं राहिलं. आराखड्याच्या स्पर्धेत अट होती की मेलेल्या सगळ्यांची नावं हवीत आणि युद्धाबद्दल कोणतंही राजकीय विधान नको. काळ्या दगडावर आज ५८ हजारांहून अधिक नावं आहेत. युद्ध बरोबर होतं म्हणणारे आणि चूक होतं म्हणणारे, दोघंही त्या नावांवरून बोट फिरवतात.

आता मुख्य गोष्टीकडे, म्हणजे भावाशी बोलण्याकडे.

तो रजेवर येतोय, कायमचा परत येत नाहीये, आणि हा फरक घरची माणसं हमखास विसरतात. ज्याला काही दिवसांनी पुन्हा तिथेच जायचं आहे, त्याने मनाची काही दारं मुद्दाम लावून घेतलेली असतात. ती उघडी ठेवून तिथे काम करता येत नाही. त्यामुळे रजेत 'मन मोकळं कर' म्हणून मागे लागू नका. तो दिवसभर झोपेल, जेवून उठून जाईल, गर्दीच्या ठिकाणी न्यायचं म्हटलं तर टाळेल, फोनवर सोबत्यांशीच बोलत बसेल. वहिनीला ते टोचेल. त्यात तिरस्कार नसतो. शरीर अजून तिथल्याच चालीवर चाललेलं असतं. त्याच्याबरोबर काहीतरी हाताने करायचं काम काढा. गाडी धुणं, माळा आवरणं, मुलाची सायकल दुरुस्त करणं, काहीही. समोरासमोर बसून बोलण्यापेक्षा शेजारी उभं राहून काम करताना माणूस जास्त बोलतो, आणि नाही बोलला तरी बिघडत नाही.

'कोणाला मारलंस का?' हे विचारायचं नाही, घरात येणाऱ्या पाहुण्यांनाही विचारू द्यायचं नाही. हे काम तुमचं. तो दुसऱ्या खोलीत असताना पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा. तैनातीची जागा, पुढच्या हालचाली, किती जण आहेत हे तो सांगणार नाही. फोनवर तर विचारूही नका, आणि त्याचे गणवेशातले फोटो कुठे टाकण्याआधी त्याला विचारा. त्याऐवजी सोबत्यांबद्दल विचारा. कोण विनोदी आहे, कोण घोरतो, कोणावर तो सगळ्यात जास्त विसंबतो. सैनिकाच्या मनात देश आणि ध्येय असतंच, पण रोजच्या दिवसात तो लढतो शेजारच्या माणसासाठी. तिथून बोलणं सुरू झालं की युद्धाचं राजकारण आपोआप बाजूला राहतं.

फोनवर 'काळजी घे'च्या पुढे काही सुचत नाही म्हणता. बहुतेक घरांत असंच होतं, कारण आपल्याला वाटतं की त्याच्या संकटापुढे आपलं रोजचं जगणं सांगणं म्हणजे पोरकटपणा. त्याला नेमकं तेच हवं असतं. गळणारा नळ, मुलाच्या शाळेतलं भांडण, वडिलांचं नव्या मोबाइलशी चाललेलं युद्ध. (हे शेवटचं ऐकून तो नक्की हसेल.) आपण नसतानाही घर चालू आहे आणि त्यात आपली जागा रिकामी ठेवलेली आहे, हे त्याला अशा किरकोळ गोष्टींतून कळतं.

आणि कधीतरी तोच विचारेल. बहुधा रात्री उशिरा, विषय काही वेगळाच चाललेला असताना: 'ताई, तुला काय वाटतं गं, हे बरोबर चाललंय का?' इथे खोटं बोलू नका. तुमचा सूर त्याला लहानपणापासून माहीत आहे. पण वर्तमानपत्रातले मुद्देही मांडत बसू नका. असं काहीसं म्हणता येईल: 'मला सगळंच पटतंय असं नाही. काही बातम्या वाचून झोप लागत नाही. पण तू तिथे आहेस म्हणून तुझ्याबद्दल माझं मत तसूभरही बदललेलं नाही. तुला काय वाटतं?' आणि मग गप्प बसा. ही शांतता जड जाते. ती भरून काढायची घाई करू नका. तो 'सोड, जाऊ दे' म्हणाला तर सोडा. एकदा विचारता आलं, म्हणजे पुन्हा विचारता येईल, एवढं त्याला समजलेलं असतं.

या क्षणी घरची माणसं एक वाक्य हमखास बोलतात: 'तुझा काय दोष, तू तर हुकूम पाळलास.' मायेनेच बोलतात. पण ज्याच्या मनात काहीतरी डाचत असतं, त्याला त्यातून ऐकू येतं की विषय बंद झाला. जोनाथन शे या बोस्टनच्या मानसोपचारतज्ज्ञाने व्हिएतनामच्या माजी सैनिकांबरोबर काम करताना 'मोरल इंज्युरी', म्हणजे नैतिक जखम, ही कल्पना मांडली. ज्याच्या हातात अधिकार आहे त्यानेच, जिवावरच्या प्रसंगी, जे योग्य त्याचा विश्वासघात केला, की माणूस आतून तुटतो असं त्याचं म्हणणं. २००९ मध्ये ब्रेट लिट्झ आणि सहकाऱ्यांनी ती कल्पना आणखी व्यापक केली: आपल्या हातून काही घडलं, आपण काही थांबवू शकलो नाही, किंवा नुसतं बघत उभं राहावं लागलं, तरी ही जखम होते. भीतीतून होणाऱ्या जखमेपेक्षा ही वेगळी. भीतीला 'आता तू सुरक्षित आहेस' हे उत्तर लागू पडतं. इथे ते लागू पडत नाही, कारण इथे तो स्वतःचाच न्यायाधीश झालेला असतो. टाळ्यांनी ही जखम भरत नाही आणि दोष दिल्याने तर चिघळतेच. 'तू हिरो आहेस' हे वाक्य अशा माणसाला किती एकटं पाडतं, हे मी सत्रांमध्ये पाहिलंय. युद्ध जिंकून सिंहासनावर बसायची वेळ आली तेव्हा युधिष्ठिराला राज्य नकोसं झालं होतं, आणि त्याच्या भोवतीच्या सगळ्यांना ते वेड वाटलं होतं. तेव्हा हे काही आजचं नाही.

समजा त्याने खरोखरच काहीतरी भयंकर सांगितलं, तर? पाठिंबा म्हणजे सगळं झाकणं नव्हे. ऐकून घ्या, तोंड फिरवू नका, आणि लगेच निवाडा देऊ नका. निष्पाप माणसांवर अत्याचार झाल्याचं त्याने पाहिलं असेल आणि ते सांगावं की नाही या पेचात तो असेल, तर त्याच्या बाजूने उभं राहणं म्हणजे सांगण्याच्या बाजूने उभं राहणं. व्हिएतनाममधल्या माय लाय इथे १६ मार्च १९६८ रोजी अमेरिकन सैनिक गावकऱ्यांची कत्तल करत असताना ह्यू थॉम्पसन या वैमानिकाने आपलं हेलिकॉप्टर सैनिक आणि गावकरी यांच्या मधे उतरवलं. आपले सैनिक गावकऱ्यांवर गोळ्या झाडू लागले तर त्यांच्यावरच झाडा, असं त्याने आपल्या दोन साथीदारांना सांगितलं. परतल्यावर त्याने तक्रार केली. पुढे कित्येक वर्षं त्याला गद्दार म्हणून हिणवलं गेलं, जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. गावकऱ्यांना वाचवल्याबद्दल सोल्जर्स मेडल हे शौर्यपदक मिळालं १९९८ मध्ये, तीस वर्षांनी. 'आमच्या सैनिकांच्या पाठीशी' म्हणणाऱ्यांनी त्या तीस वर्षांत नेमकं कोणाला एकटं टाकलं होतं, याचा विचार जरूर करा. अशी वेळ आलीच तर आधी लष्करी कायदा जाणणाऱ्या वकिलाचा सल्ला घ्यायला त्याला मदत करा. घरातल्या घरात असे निर्णय घेऊ नयेत.

धोक्याच्या खुणा वेगळ्या आहेत आणि तिथे धीर धरू नका. दारू एकदम वाढणं, बेफाम गाडी चालवणं, जपलेल्या वस्तू वाटून टाकणं, 'मी नसलो तर तुमचं बरं चालेल' असं बोलणं. असं दिसलं तर सरळ विचारा: 'जीव द्यावा असं मनात येतं का?' विचारल्याने ते डोक्यात भरतं, ही समजूत चुकीची आहे. उत्तर होकारार्थी असेल तर त्याला एकटं सोडू नका, घरातलं हत्यार आणि औषधं आवाक्याबाहेर ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

मग तुमच्या स्वतःच्या शंकेचं काय करायचं? ती त्याच्या फोनच्या दहा मिनिटांत ओतू नका. पण गिळूनही टाकू नका. ती जिथे उत्तर देण्याची जबाबदारी आहे तिथे न्या: लोकप्रतिनिधीला पत्र, मतदान, सभा, लेख. माजी सैनिकांच्या उपचारांचा पैसा कुठे जातो हे विचारणंही त्यातच आलं. व्हिएतनाममध्ये झाडंझुडपं जाळण्यासाठी वापरलेल्या एजंट ऑरेंज या विषारी रसायनाची फवारणी १९७१ मध्ये थांबली, आणि त्यामुळे आजारी पडलेल्या सैनिकांच्या दाव्यांची नीट दखल घेणारा अमेरिकन कायदा झाला १९९१ मध्ये. मधली वीस वर्षं कोणीतरी सतत दार ठोठावत होतं म्हणून तो झाला. वडिलांशी मतांवर भांडू नका. त्यांच्या ठामपणामागे बहुतेक वेळा भीती असते: युद्ध चुकीचं ठरलं, तर मुलाचं काही बरंवाईट झाल्यावर ते सोसायचं कशाच्या आधारावर? दोघं मिळून वहिनीचा भार हलका करा. मुलाला शाळेतून आणणं, बँकेची कामं, एखादी संध्याकाळ तिला एकटीला मिळू देणं. लढाईच्या काळात घरच्या आघाडीवर सगळ्यात जास्त झिजते ती, आणि तिच्याबद्दल घोषणा कोणी देत नाही.

राहिला भाचा. आठ वर्षांच्या मुलाला युद्धाची कारणं नको असतात. त्याला बाबा जिवंत आहेत का, चांगले आहेत का आणि परत येणार का, एवढंच हवं असतं. 'बाबा सैनिक आहेत. मोठी लढाई चाललीय आणि त्यांना तिथे पाठवलंय. ते सोबत्यांची काळजी घेतात आणि सोबती त्यांची. ते लवकर यावेत असं मलाही वाटतं.' इतकं पुरतं. 'नक्की येतील' असं वचन देऊ नका. 'बाबा माणसांना मारतात का?' असं त्याने विचारलं तर: 'लढाईत तसं होतं. बाबांबरोबर काय झालं ते मला माहीत नाही. त्यांना सांगावंसं वाटेल तेव्हा ते सांगतील.' आणि 'बाबा दुष्टांना धडा शिकवतायत' हे घरात कोणीही बोलणार नाही असं बघा, आजोबासुद्धा. नाहीतर बाबा दारात पाऊल टाकतील तेव्हा मुलाचा पहिला प्रश्न असेल, 'किती मारले?' त्याला काय सांगायचं हे वहिनीशी बसून आत्ताच ठरवा, आणि भाऊ निघण्याआधीच्या एखाद्या फोनवर त्यालाही ते शब्द सांगून ठेवा. मुलगा विचारेल तेव्हा त्याचं उत्तर तुमच्या उत्तरांशी जुळायला हवं.